यूएसबी-सिरीयल अडॅप्टरचा ड्रायव्हर: प्रत्येक चिपची संदेशांची मांडणी वेगळी, मग सामाईक काय ठेवायचं?

तारजोड

नमस्कार मंडळी. एका छोट्या बोर्डावर काम चालू आहे. लिनक्स नाही, साधा आरटीओएस (वेळेच्या बंधनात चालणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) आहे आणि यूएसबी होस्ट स्टॅक (होस्टच्या, म्हणजे बोर्डाच्या बाजूने यूएसबी सांभाळणारं सॉफ्टवेअर) तयार मिळाला आहे. अपेक्षा अशी की बाजारात सर्रास मिळणारा कुठलाही यूएसबी-सिरीयल अडॅप्टर लावला तरी तो चालला पाहिजे. सीडीसी एसीएम (यूएसबीवरच्या सिरीयल उपकरणांसाठीचं सामाईक प्रमाण) वर्गातली उपकरणं चालतात. आता एफटीडीआय, सीपी२१०२, पीएल२३०३ आणि सीएच३४० या चिपचे अडॅप्टर उरलेत.

माझी कल्पना होती की बॉड रेट (वेग), पॅरिटी (चूक पकडायचा बिट), स्टॉप बिट (बाइट संपल्याची खूण) पाठवायचा एकच संदेश असेल आणि फार तर रिक्वेस्टचा क्रमांक बदलेल. लिनक्सचे ड्रायव्हर उघडून बघितले तर चारही फाइलींचं एकमेकींशी काही नातं दिसेना. तर प्रश्न असे: यात सामाईक थर नेमका कुठपर्यंत आहे? आणि ड्रायव्हरची रचना करताना आधी कशाचा विचार करावा?

(हेक्स आकडे ०एक्स लावून लिहू या, म्हणजे गोंधळ नको.)

पिनआउट

सामाईक थर आहे, पण अगदी पातळ. कंट्रोल ट्रान्सफरचं (उपकरणाला हुकूम द्यायच्या संवादाचं) सेटअप पॅकेट सगळ्यांचं सारखंच, ८ बाइटचं. पहिला बाइट रिक्वेस्ट टाइप, दुसरा रिक्वेस्ट, मग प्रत्येकी दोन बाइटचे व्हॅल्यू, इंडेक्स आणि लेंग्थ. दोन बाइटच्या आकड्यांत खालचा बाइट आधी. हे यूएसबीनेच ठरवलेलं असल्यामुळे इथे कोणाला मनमानी करता येत नाही. मनमानी सुरू होते ती त्या खणांत काय भरायचं यात.

रिक्वेस्ट टाइप नीट वाचता आला की निम्मं कळतं. सगळ्यात वरचा बिट दिशा सांगतो, त्याखालचे दोन बिट प्रकार सांगतात (० म्हणजे स्टँडर्ड, १ म्हणजे क्लास, २ म्हणजे वेंडर, कंपनीचा स्वतःचा) आणि खालचे पाच बिट सांगतात की संदेश कोणासाठी: ० असेल तर अख्ख्या उपकरणासाठी, १ असेल तर एका इंटरफेससाठी. म्हणून सीडीसीत ०एक्स२१ दिसतो: होस्टकडून, क्लासचा, इंटरफेससाठी. एफटीडीआय आणि सीएच३४० ला ०एक्स४० लागतो: वेंडरचा, उपकरणासाठी. सीपी२१०२ ला ०एक्स४१: वेंडरचा, पण इंटरफेससाठी. वाचायचं असेल तर यांचेच जोडीदार ०एक्सए१, ०एक्ससी० आणि ०एक्ससी१.

आता सीडीसीचा तो मूळ संदेश. रिक्वेस्ट ०एक्स२०, म्हणजे लाइन कोडिंग ठरवा. सोबत ७ बाइट: चार बाइट बॉड रेट, एक स्टॉप बिट, एक पॅरिटी, एक डेटा बिट. ११५२०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप असं हवं असेल तर तारेवर हे जातं:

सेटअप: २१ २० ०० ०० ०० ०० ०७ ००
डेटा: ०० सी२ ०१ ०० ०० ०० ०८

स्टॉप बिटच्या खणात ० म्हणजे १ स्टॉप, १ म्हणजे दीड, २ म्हणजे दोन. तिथे "१ स्टॉप बिट" म्हणून १ लिहिलेला कोड मी इतक्यांदा पाहिलाय की आता कोणाचाही कोड तपासताना आधी तिथेच नजर जाते. बहुतेक चिपना दीड स्टॉप दिला तरी संवाद चालूच राहतो, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

हेच "८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप" बाकीच्या चिपना कसं सांगायचं ते बघा.

एफटीडीआय: रिक्वेस्ट ०एक्स०४, व्हॅल्यू ०एक्स०००८. डेटा बिट खालच्या बाइटमध्ये, बिट ८ पासून पॅरिटी, बिट ११ पासून स्टॉप.
सीपी२१०२: रिक्वेस्ट ०एक्स०३, व्हॅल्यू ०एक्स०८००. बरोबर उलट: डेटा बिट वरच्या बाइटमध्ये, पॅरिटी आणि स्टॉप खाली.
सीएच३४०: रिक्वेस्ट ०एक्स९ए (रजिस्टर लिहा), व्हॅल्यू ०एक्स२५१८, इंडेक्स ०एक्स००सी३.
पीएल२३०३: सीडीसीसारखेच ७ बाइट, तीच ०एक्स२० रिक्वेस्ट, तोच ०एक्स२१ टाइप. फक्त आधी वेंडर रिक्वेस्टची एक माळ पाठवून चिप जागी करावी लागते.

सीएच३४० चा तो ०एक्ससी३ कोणाला ओळखीचा वाटतोय का? जुन्या १६५५० युआर्टचं (सिरीयल पोर्टच्या चिपचं) लाइन कंट्रोल रजिस्टरच आहे ते. खालचे दोन बिट शब्दाची लांबी, मग स्टॉप, पॅरिटी चालू, सम पॅरिटी. सगळ्यात वरच्या दोन बिटांचा अर्थ तेवढा बदललाय: एक आरएक्स (घेणं) चालू करतो, दुसरा टीएक्स (पाठवणं). थोडक्यात, या चिपला संदेश असे नाहीतच. तिच्या रजिस्टरांत दुरून हात घालायचा, एवढंच. एका फेरीत दोन रजिस्टरं लिहिता येतात, म्हणून व्हॅल्यूमध्ये ०एक्स१८ आणि ०एक्स२५ असे दोन पत्ते आणि इंडेक्समध्ये त्यांच्या दोन किमती.

रिकामा बफर

पिनआउट यांनी छान मांडलंय. ७ बाइटबद्दल एक भर घालतो.

सी भाषेत लाइन कोडिंगचं स्ट्रक्चर सरळ लिहिलंत (एक ३२ बिटी आकडा आणि तीन बाइट) तर साइझऑफ, म्हणजे त्याचा आकार, ८ येतो, कारण कंपायलर शेवटी एक बाइट भरतो. मग लेंग्थ ८ जाते. काही फर्मवेअर मुकाट्याने घेतात, काही सरळ स्टॉल (नकार) देतात. एका उपकरणावर चालतं, दुसऱ्यावर नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो. लिनक्सच्या हेडरमध्ये या स्ट्रक्चरला पॅक्ड (भरणीचे बाइट नकोत, अशी सूचना) लावलंय ते उगीच नाही.

माझं मत विचाराल तर अशा ठिकाणी स्ट्रक्चर वापरूच नये. सात बाइटचा ॲरे घ्यावा आणि एकेक बाइट शिफ्ट करून भरावा. बाइट कुठल्या क्रमाने लावायचे हा प्रश्नही त्यातच सुटतो. आरटीओएसवर आज एक प्रोसेसर आहे, उद्या दुसरा असेल.

लिनक्सवाल्यांना यात आणखी एक खड्डा आहे. कर्नलचं यूएसबी कंट्रोल मेसेज फंक्शन व्हॅल्यू, इंडेक्स आणि लेंग्थ स्वतःच लिटल एंडियनमध्ये (खालचा बाइट आधी) बदलून घेतं. तुम्ही आधीच बदलून दिलंत तर बिग एंडियन मशीनवर ते दोनदा उलटतं आणि आकडा चुकतो. पण डेटा बफरच्या आत काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. तिथला बॉड रेट तुम्हालाच बदलून द्यावा लागतो. हातातलं मशीन लिटल एंडियन असेल तर दोन्ही चुका दिसतच नाहीत.

आणि तो बफर स्टॅकवर ठेवायचा नाही. डीएमएला (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी वाचणाऱ्या हार्डवेअरला) पोचेल अशा मेमरीतून मागून घ्यायचा. २०२० मध्ये कर्नल ५.१० सोबत सेंड आणि रिसीव्ह अशी दोन वेगळी फंक्शनं आली, ती आतल्या आत प्रत काढतात, त्यामुळे त्यांना स्टॅकवरचा बफर चालतो. शिवाय अर्धवट आलेला डेटा ती त्रुटी म्हणून परत करतात, हे मला जास्त आवडलं.

कुतूहल_के

मी यात नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. सीडीसी हे प्रमाण आधीपासून असताना या कंपन्यांनी आपापलं वेगळं का काढलं?

पिनआउट

@कुतूहल_के, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. सीडीसीची १.१ आवृत्ती १९९९ ची. पण ती लिहिताना डोळ्यासमोर होता टेलिफोनचा मोडेम. एसीएममधला "एम" म्हणजे मॉडेलच असला तरी सगळी भाषा मोडेमचीच आहे. उपकरणाकडून येणाऱ्या स्थितीच्या संदेशात कॅरिअर आहे, डीएसआर (समोरचं उपकरण तयार) आहे, रिंग आहे, ब्रेक आहे, फ्रेमिंग, पॅरिटी आणि ओव्हररनच्या त्रुटी आहेत. सीटीएस नाही! साध्या सिरीयल पोर्टला हार्डवेअर फ्लो कंट्रोलसाठी (पिनेवरून "पाठव" किंवा "थांब" सांगण्यासाठी) ज्या पिनेची सगळ्यात जास्त गरज, तीच यादीत नाही. फ्लो कंट्रोल चालू किंवा बंद करायचा संदेशही नाही. अडॅप्टर बनवणाऱ्याला हे पुरणारं नव्हतंच.

दुसरं कारण विंडोज. सीडीसीसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजसोबत असायचा, पण विंडोज १० येईपर्यंत प्रत्येक उपकरणाला आयएनएफ फाइल (कुठला ड्रायव्हर लावायचा हे सांगणारी) द्यावी लागे. फाइल द्यायचीच आहे तर स्वतःचा ड्रायव्हरच का देऊ नये, असा विचार कंपन्यांनी केला तर नवल नाही.

बिटबाई

तारजोड, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: रचना करताना आधी कशाचा विचार करावा.

सगळे जण बॉड रेटपासून सुरुवात करतात आणि वर पिनआउटनीही तेच केलंय (रागावू नका). मला ते उलट वाटतं. पाठवायच्या संदेशांतले फरक कितीही विचित्र असले तरी ते एका फंक्शनच्या आत मावतात. तीच दोन-तीन आकड्यांची मांडणी, झालं. ड्रायव्हरची घडण ठरते ती उपकरणाची स्थिती होस्टकडे परत कुठल्या वाटेने येते त्यावर. आणि तिथे चार चिपांच्या चार वाटा आहेत.

सीडीसी: इंटरप्ट एंडपॉइंटवर (छोट्या सूचनांसाठी राखलेल्या वाटेवर) सूचना येते. ८ बाइट शीर्षक आणि २ बाइट स्थिती. शीर्षकाची मांडणी सेटअप पॅकेटसारखीच: ए१ २० ०० ००, मग इंटरफेस, मग लांबी ०२ ००. एंडपॉइंटचं पॅकेट ८ बाइटचं असेल तर हे १० बाइट दोन तुकड्यांत येतात आणि ते जोडणं तुमच्याकडे. लिनक्सचा ड्रायव्हरही तुकडे जोडून मगच अर्थ लावतो.

पीएल२३०३: हुबेहूब तेच १० बाइट, स्थिती शून्यापासून मोजली तर ८ व्या बाइटमध्ये. गंमत पुढे आहे. सीडीसीने त्या बाइटचे सात बिट वापरले आणि आठवा राखून ठेवला. यांनी त्या रिकाम्या बिटमध्ये, म्हणजे ०एक्स८० मध्ये, सीटीएस बसवला. प्रमाण मोडलं म्हणा किंवा पुरं केलं म्हणा.

सीएच३४०: इंटरप्ट एंडपॉइंटच, पण मांडणी स्वतःची. तिसऱ्या बाइटच्या खालच्या चार बिटांत सीटीएस, डीएसआर, रिंग, कॅरिअर, आणि सगळे उलटे. बिट ० म्हणजे पिन सक्रिय. डीटीआर-आरटीएस (होस्टने हलवायच्या दोन पिना) पाठवतानाही उलटेच: रिक्वेस्ट ०एक्सए४, डीटीआर बिट ५, आरटीएस बिट ६, आणि अख्खी किंमत उलटवून पाठवायची.

सीपी२१०२: इंटरप्टची भानगडच नाही. स्थिती हवी तर कंट्रोल ट्रान्सफरने विचारायची, रिक्वेस्ट ०एक्स०८, उत्तर एक बाइट. कोणीतरी पिन हलवली हे आपणहून कळत नाही. दुसरा मार्ग आहे, तो मला फारसा आवडत नाही, पण पॅरिटीची त्रुटी नेमक्या कुठल्या बाइटला आली हे हवं असेल तर लागतोच. रिक्वेस्ट ०एक्स१५ ने एक खास बाइट ठरवून द्यायचा (लिनक्स ०एक्सईसी वापरतं) आणि मग चिप डेटाच्या प्रवाहातच घटना पेरते. तो बाइट आणि मागे ०० आला तर खरोखरचा ०एक्सईसी. ०१ आला तर पुढे लाइन स्थिती आणि ज्याला ती लागू आहे तो डेटा बाइट. ०२ आला तर नुसती लाइन स्थिती. ०३ आला तर मोडेम स्थिती. म्हणजे येणारा प्रत्येक बाइट स्टेट मशीनमधून गाळायचा. लिनक्स हे फक्त इनपुट पॅरिटी तपासणी मागितली असेल तेव्हाच चालू करतं, आणि बरोबर करतं.

एफटीडीआय: सगळ्यात वेगळी. प्रत्येक बल्क (मुख्य डेटा नेणाऱ्या) पॅकेटच्या सुरुवातीला दोन बाइट स्थितीचे. पहिल्यात सीटीएस बिट ४, डीएसआर ५, रिंग ६, कॅरिअर ७. दुसऱ्यात ओव्हररन, पॅरिटी, फ्रेमिंग, ब्रेक आणि टीएक्स रिकामं असल्याच्या खुणा. फुल स्पीडला ६४ बाइटच्या पॅकेटमध्ये तुमचा डेटा ६२ च. हाय स्पीडला ५१२ मध्ये ५१०.

इथे ठेच लागते ती अशी. होस्टकडून ४०९६ बाइटचा बफर देऊन वाचलं की त्यात पॅकेटं एकापाठोपाठ येऊन चिकटतात. दोन बाइट फक्त बफरच्या तोंडाशी काढले तर थोडा डेटा असेपर्यंत सगळं सुरळीत, आणि मोठी फाइल आली की दर ६२ बाइटनंतर दोन परके बाइट. दर ६४ ला छाटायचे. मधलं पॅकेट अपुरं असेल तर ट्रान्सफर तिथेच संपतो, त्यामुळे हा हिशोब चुकत नाही.

म्हणून माझा सल्ला: आधी "आलेलं पॅकेट घे, त्यातून डेटा वेगळा कर, स्थिती वेगळी कर" असा एक कप्पा प्रत्येक चिपसाठी ठेवा. सीडीसीत तो रिकामा राहील. बॉड रेट नंतर.

तारजोड

बिटबाई, पिनआउट, रिकामा बफर, मनापासून आभार. वाचनखूण साठवली. सीडीसीपासून सुरुवात केल्यामुळे बल्कमधून येतं ते सगळं डेटाच, असं स्टॅकमध्ये गृहीत धरलेलं आहे. तो थर आता मोकळा करतो.

बॉड रेटचं काय पण? सीपी२१०२ ला ०एक्स१ई आहे, चार बाइटमध्ये सरळ आकडा पाठवायचा, ते कळलं. एफटीडीआयला ९६०० साठी ०एक्स४१३८ जातो, तो कुठून आला?

जुना टर्मिनल

हे सगळं हाताने करायची हौस कशाला, असं विचारणार होतो. लिबयूएसबी घ्या, वर तयार लायब्ररी आहेत. पण आरटीओएस म्हटल्यावर गप्प बसलो. असो, बॉडचं मी सांगतो.

एफटीडीआयचं मूळ ३० लाख हर्ट्झ. ३०००००० ÷ ९६०० = ३१२.५. पूर्णांक ३१२ म्हणजे ०एक्स१३८, तो खालच्या १४ बिटांत. अपूर्णांक आठव्या हिश्शांत मोजायचा आणि त्याला तीन बिटांचा संकेत. अर्ध्याचा संकेत १, तो बिट १४ वर, म्हणजे ०एक्स४०००. दोन्ही मिळून ०एक्स४१३८.

संकेत क्रमाने नाहीत. अर्धा १, पाव २, एक अष्टमांश ३, तीन अष्टमांश ४, मग पाच, सहा, सात अष्टमांशांना ५, ६, ७. हा वेडेपणा नाही, इतिहास आहे. जुन्या चिपला दोनच बिट होते, त्यात ०, अर्धा, पाव आणि अष्टमांश एवढंच बसायचं. पुढे तिसरा बिट वाढवला तेव्हा जुने संकेत मोडायचे नव्हते. तो तिसरा बिट व्हॅल्यूमध्ये मावत नाही, म्हणून इंडेक्समध्ये जातो. ९२१६०० ला ३.२५५ येतात, जवळचा ३.२५, म्हणून ०एक्स८००३. पूर्णांक ० आणि १ या दोन खास किमती: अनुक्रमे ३० लाख आणि २० लाख बॉड.

११५२०० ला २६.०४ येतात. आठव्या हिश्शात बसत नाही, २६ घ्या. खरा वेग ११५३८४, चूक ०.१६ टक्के. चालतं.

सीएच३४० मध्ये ४८ मेगाहर्ट्झपासून सुरू करा. पूर्वविभाजक (आधी भागून घ्यायचा आकडा) ८ घेतला तर ४८०००००० ÷ ८ ÷ ५२ = तेच ११५३८४. भाजक २५६ मधून वजा करून ठेवायचा: २५६ − ५२ = २०४, म्हणजे ०एक्ससीसी. रजिस्टर ०एक्स१२ मध्ये पूर्वविभाजकाचा संकेत, ०एक्स१३ मध्ये हा ०एक्ससीसी. एकाच फेरीत: व्हॅल्यू ०एक्स१३१२, इंडेक्स ०एक्ससीसी८३.

पीएल२३०३ ला ठरावीक यादीतला वेग सरळ आकड्यात चालतो. यादीबाहेरचा हवा असेल तर त्याच चार बाइटमध्ये सगळ्यात वरचा बिट लावून भाजक पाठवायचा.

कुतूहल_के

०एक्ससीसी८३ मधल्या ८३ चा ३ पूर्वविभाजकाचा असावा. ८ कशाचा?

जुना टर्मिनल

बरोबर पकडलंत. बिट ७. तो नसेल तर ही चिप आलेले बाइट साठवत बसते आणि एंडपॉइंटएवढे, म्हणजे ३२, भरले की मगच पुढे देते. एखादं उपकरण दहा बाइटचं उत्तर देतं आणि ते होस्टला दिसतच नाही. बिट लावला की आलं तसं पुढे जातं. बॉडच्या रजिस्टरमध्ये हा बिट का ठेवला ते विचारू नका.

तारजोड

हे वाचून एक जुनं कोडं सुटलं. आता थोडं पुढचं विचारतो. या अडॅप्टरवर आरएस-४८५ (एकाच तारेवर आळीपाळीने बोलायची पद्धत) चालवायचं आहे. आरटीएसने दिशा बदलायची: पाठवताना वर, पाठवून झालं की खाली. बल्क ट्रान्सफर पूर्ण झाल्याचं स्टॅक सांगतो, तेव्हा आरटीएस खाली केला तर?

बिटबाई

नको! बल्क पूर्ण झाला याचा अर्थ बाइट अडॅप्टरच्या बफरमध्ये पोचले, इतकाच. तारेवर जायचे आहेत अजून. ९६०० ला एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून साधारण १.०४ मिलिसेकंद लागतात. ६४ बाइट म्हणजे ६६ मिलिसेकंदांच्या वर. तुम्ही आरटीएस तेवढं आधी खाली आणाल आणि फ्रेमचं शेपूट कापलं जाईल.

"तुझं पाठवून संपलं का?" हे विचारायचा संदेश प्रत्येकाकडे नाही. एफटीडीआयमध्ये स्थितीच्या दुसऱ्या बाइटचा बिट ६ पाहायचा. सीपी२१०२ मध्ये रिक्वेस्ट ०एक्स१०, उत्तर १९ बाइटचं. त्यात त्रुटींचे चार बाइट, थांबण्याच्या कारणांचे चार, आत साठलेल्यांचे चार आणि बाहेर जायच्या उरलेल्यांचे चार. हे बाहेर जायच्या उरलेल्यांचे चार हवेत. सीडीसीत काहीच नाही. वेळेचा अंदाज बांधून थांबायचं, तेही फर्मवेअर किती साठवतंय हे माहीत नसताना.

आणि विचारता आलं तरी उत्तर यायला, मग आरटीएसचा संदेश जायला प्रत्येकी निदान एक यूएसबी फ्रेम, म्हणजे फुल स्पीडला १ मिलिसेकंद धरा. समोरचं उपकरण त्याआधीच उत्तर द्यायला लागलं तर टक्कर. ४८५ साठी दिशा चिपनेच सांभाळावी. एफटीडीआयच्या ज्या चिपांना टीएक्सडेन पिन आहे त्या हेच काम करतात.

रिकामा बफर

+१. आणि ४८५ वर प्रश्नोत्तराचा प्रोटोकॉल असेल तर एफटीडीआयचा लेटन्सी टायमर विसरू नका. चिप पॅकेट भरायची वाट बघते, नाही भरलं तर मूळ सेटिंगनुसार १६ मिलिसेकंदांनी आहे ते पाठवते. दहा बाइटच्या उत्तराला प्रत्येक वेळी एवढा उशीर. रिक्वेस्ट ०एक्स०९, व्हॅल्यूमध्ये मिलिसेकंद, १ ते २५५. मी १ ठेवतो.

त्याचीच दुसरी बाजू: डेटा काहीच नसला तरी दर टायमरला दोन बाइटचं रिकामं पॅकेट येत राहतं. ट्रेसमध्ये (पकडलेल्या पॅकेटांच्या नोंदीत) ०१ ६० अशी अखंड रांग दिसली की घाबरायचं नाही, ती "सगळं ठीक, टीएक्स रिकामं" एवढंच म्हणतेय. पण १ मिलिसेकंद केलंत की सेकंदाला हजारच्या आसपास अशी पॅकेटं येणार. छोट्या प्रोसेसरवर इंटरप्टचा भार मोजून घ्या.

जुना टर्मिनल

ट्रेसचा विषय निघालाच आहे तर: तुमच्या बोर्डावर डोकं फोडण्याआधी तोच अडॅप्टर लिनक्सला लावा, यूएसबीमॉन मॉड्यूल चढवा, वायरशार्कने (पॅकेटं बघायचं साधन) यूएसबीवरचा संवाद पकडा. चालणाऱ्या ड्रायव्हरने पाठवलेले सेटअप बाइट आणि तुमचे बाइट शेजारी ठेवा. फरक पाच मिनिटांत दिसतो. चिपचा दस्तऐवज नसेल तरी हा मार्ग खुलाच असतो, आणि लिनक्समधले यातले बरेच ड्रायव्हर सुरुवातीला असेच, दुसऱ्याचा संवाद ऐकून लिहिले गेलेत.

लिनक्सवर चाचणी करताना उणे ३२ आला तर स्टॉल: संदेश उपकरणाला मान्य नाही. लेंग्थ आणि इंडेक्स आधी तपासा. उणे ११० आला तर वेळ संपली. उणे ७१ आला तर केबल, वीज किंवा उपकरणच रीसेट झालंय. पहिल्याचा इलाज कोडमध्ये, तिसऱ्याचा बहुधा टेबलावर.

पिनआउट

इंडेक्सवरून आठवलं. सीडीसीत इंडेक्समध्ये कम्युनिकेशन इंटरफेसचा क्रमांक जातो, डेटा इंटरफेसचा नाही. साध्या उपकरणात तो ० असतो म्हणून लोक ० लिहून मोकळे होतात. कंपोझिट उपकरणात, म्हणजे डीबगर आणि सिरीयल एकत्र अशात, तो २ किंवा ३ असू शकतो. डिस्क्रिप्टरमधून (उपकरण स्वतःबद्दल देतं त्या माहितीतून) काढा. एफटीडीआयच्या दोन पोर्टवाल्या चिपमध्ये उलट, मोजणी १ पासून: पहिल्या पोर्टला १, दुसऱ्याला २. आणि बॉडच्या संदेशात इंडेक्सचा खालचा बाइट पोर्टने घेतल्यामुळे भाजकाचा तो तिसरा बिट वरच्या बाइटमध्ये सरकतो. जुना टर्मिनल यांनी सांगितलं ते एका पोर्टवाल्या चिपचं.

डीटीआर-आरटीएसबद्दल एक सोय मात्र आहे. एफटीडीआय (रिक्वेस्ट ०एक्स०१) आणि सीपी२१०२ (रिक्वेस्ट ०एक्स०७) दोघांची मांडणी जुळते: खालच्या बाइटमध्ये किंमत, वरच्यात मुखवटा. ०एक्स०१०१ म्हणजे डीटीआर वर, ०एक्स०१०० म्हणजे खाली, ०एक्स०२०२ आरटीएस वर. ज्याचा मुखवटा नाही त्या पिनेला हात लागत नाही. सीडीसीच्या ०एक्स२२ मध्ये मुखवटा नाही, दोन्ही पिना एकदम जातात. म्हणजे आधीची किंमत ड्रायव्हरने लक्षात ठेवायलाच हवी.

ब्रेकचंही तसंच. सीडीसीत स्वतंत्र संदेश, ०एक्स२३, व्हॅल्यूमध्ये मिलिसेकंद. ०एक्सएफएफएफएफ दिलं तर ० पाठवेपर्यंत चालू. एफटीडीआयमध्ये ब्रेक हा त्याच ०एक्स०४ संदेशाचा बिट १४ आहे. ब्रेक देताना नुसतं ०एक्स४००० पाठवलंत तर डेटा बिटांची जागा शून्य झाली. शेवटची किंमत साठवा आणि तिच्यात बिट मिसळा.

तारजोड

सध्या अशी रचना केली आहे. प्रत्येक चिपसाठी एक छोटा संच: सुरू करा, वेग, मांडणी, डीटीआर-आरटीएस, ब्रेक, आणि बिटबाईंनी सुचवलेला "आलेलं पॅकेट फोडा". सोबत शेवटच्या किमतींची साठवण, ती मात्र वरच्या थरात, सगळ्यांना एकच. एफटीडीआय आणि सीपी२१०२ चाललं. सीपीला आधी ०एक्स०० रिक्वेस्टमध्ये १ पाठवून इंटरफेस चालू करावा लागतो, तोवर ती ढिम्म हलत नाही, ही नोंद पुढच्यांसाठी.

एकच शंका उरली. पोर्ट उघडताना क्रम कुठला ठेवू? एका मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडलं की पहिल्या ओळीचे सुरुवातीचे काही बाइट हरवतात.

बिटबाई

डीटीआर सगळ्यात शेवटी. आधी वेग आणि मांडणी, मग बल्क इनवर वाचायची विनंती लावून ठेवा, इंटरप्ट एंडपॉइंट असेल तर तोही, आणि मग डीटीआर वर. बऱ्याच बोर्डांवर डीटीआर कपॅसिटरमधून रीसेटला जोडलेला असतो. डीटीआर हलला की बोर्ड रीसेट होतो आणि लगेच बोलायला लागतो. त्या क्षणी तुमची वाचायची विनंती तयार नसेल तर सुरुवातीचे बाइट अडॅप्टरच्या बफरच्या भरवशावर.

शिवाय सीडीसीच्या बोर्डांवर १२०० बॉड ठरवून पोर्ट बंद करू नका. लिओनार्डोसारखे काही बोर्ड त्याचा अर्थ "बूटलोडरमध्ये (नवा प्रोग्राम घ्यायच्या अवस्थेत) जा" असा घेतात. चाचणीत सगळे वेग एकामागून एक तपासणार असाल तर ही यादीतून गाळा.

तारजोड

क्रम बदलला, पहिली ओळ पूर्ण येते आहे. पीएल२३०३ आणि सीएच३४० ची पॅकेटं फोडायचं काम पुढच्या आठवड्यात. सीएचच्या उलट्या बिटांसाठी वरच्या थरात काही करायची गरज पडू नये, फोडतानाच सरळ करून देतो.

जुना टर्मिनल

पीएल२३०३ ची सुरुवातीची ती वेंडर रिक्वेस्टची माळ लिनक्सच्या ड्रायव्हरमधून जशीच्या तशी उचला, क्रम बदलू नका. आणि हातात दोन वेगळ्या पिढ्यांचे अडॅप्टर ठेवा. एकावर चाललं म्हणून काम झालं असं समजू नका, नव्या पिढीला ती माळ वेगळी लागते.